हसायची सक्ती

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो. जेवणाच्या सुट्टीत जॉबरनं विचारलं, "काय रे, आलास का फुकटात मुंबई बघून?" सगळं रिंग खातं हसलं. मीही हसलो. तिकीट माझ्या खिशात होतं. ते काढून त्याला दाखवावं असं वाटलं, आणि असं वाटलं याचीच मग रात्रभर लाज वाटत राहिली.

शिवीचं असं नसतं. शिवी देणारा उघडा पडतो. 1989 चा कायदा आहे. चारचौघांत जातीवरून अपमान केला तर गुन्हा नोंदवता येतो, निदान कागदावर तरी. टिंगलीचा पंचनामा कोण करणार? "अरे, गंमत केली" एवढं म्हटलं की आरोपी तूच. तुला विनोद कळत नाही. तू लगेच मनाला लावून घेतोस. दोस्तांनो, टिंगलीचा खरा मार लोकांच्या हसण्यात नाही. जिची टिंगल झाली त्या माणसानंही हसलंच पाहिजे, या सक्तीत तो आहे. बरोबरीची पोरं चेष्टा करतात ती दोन्हीकडून चालते, आज तू, उद्या मी. आपल्या वाट्याला येते ती एकतर्फी. जॉबर आषाढीला पंढरपूरला जातो. त्याला मी तिकिटाचं विचारलं असतं तर खातं बंद पडलं असतं.

व्यंगचित्राचा वाद आठवा. शंकर यांनी 1949 साली काढलेलं चित्र. घटना नावाच्या गोगलगाईवर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. 2006 साली ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं. मे 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाच्या दोन सल्लागारांनी राजीनामे दिले, पुण्यात त्यातल्या एकाच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पांढरपेशे म्हणाले, चित्र घटनेच्या दिरंगाईवर आहे, जातीवर नाही. बरं, मान्य. शंकरांच्या मनात काय होतं यावर मी भांडत नाही. पण चित्र साप्ताहिकातून उठून वर्गात आलं ना? वर्गात मागच्या बाकावर आपला एक पोरगा बसलेला असतो. बाकीची पोरं चित्र बघतात, मग वळून त्याच्याकडे बघतात. त्यानं काय करायचं? हसायचं. हे ज्याला कधी करावं लागलं नाही, त्यानं आपल्याला विनोदबुद्धी शिकवू नये.

आणि मोडतोड? ती चूकच. तो हात मला ओळखीचा आहे, म्हणून जास्तच सांगतो. कारण गोगलगाईला उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच देऊन ठेवलं होतं, 25 नोव्हेंबर 1949 ला, घटना समितीत. उशिराचा आरोप तिथंही होताच. एका सभासदानं तर मसुदा समितीचं इंग्रजी नाव किंचित वाकवून तिला भरकटणारी समिती करून टाकलं होतं. सभागृहातली टिंगल, म्हणजे सभ्य टिंगल. बाबासाहेब ओशाळं हसले नाहीत, आदळआपटही केली नाही. हिशेब मांडला. 2 वर्षं, 11 महिने, 17 दिवस. 395 कलमं. आलेल्या दुरुस्त्या 7,635, त्यातल्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या 2,473. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं लागली. अमेरिकेचं काम चार महिन्यांत झालं हेही लपवलं नाही. पण त्यांची कलमं किती, तर सात! मग त्या वाकवलेल्या नावाकडे वळले आणि ते कौतुक म्हणून ठेवून घेतलं. चांगल्याच्या शोधात फिरणं म्हणजे भरकटणं नव्हे, आणि आपलीच चुकलेली दुरुस्ती मागं घ्यायला धैर्य लागतं, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब. टिंगल त्यांनी उलट्या बाजूनं धरली. हसायची सक्ती मात्र पाळली नाही.

आपल्या कवितेत मला हे फार कमी सापडतं. शिवीला शिवी आहे, आग आहे, मशाली तर पानोपानी. पण सगळ्यांबरोबर हसून घरी आलेल्या माणसाचं तोंड कुठं आहे? तमाशातला आपला सोंगाड्या भर फडात राजाला उलटा सवाल करायचा आणि पुढं बसलेल्या पाटलाला हसावं लागायचं. ही कला आपल्याच घरातली, आणि आपणच ती अडगळीत टाकली. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. माझ्या कवितांत मी जॉबरला चार वेळा जाळलाय. त्या तिकिटावर एक ओळ नाही.