कायदेमंडळांचीं इतिवृत्तें व गोंदियाचीं दप्तरें

गोंदिया जिल्ह्याचा, म्हणजे १ मे १९९९ पूर्वींच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्वभागाचा, अर्थेतिहास लिहूं पाहणारे कायदेमंडळांच्या छापील इतिवृत्तांवर भिस्त ठेवितात. तीं सुबक व सूचीसहित मिळतात, तेव्हां हा मोह स्वाभाविक आहे. परंतु साधन सुलभ असलें म्हणून प्रमाण ठरत नाहीं. सभागृहांत काय बोललें गेलें याचा तें उत्तम पुरावा आहे. रयतेवर काय गुदरलें याचा नव्हे.

मिठाचेंच उदाहरण घेऊं. इ. स. १९१९ च्या कायद्यानें मीठ, जकात व प्राप्तीवरील कर हे विषय मध्यवर्ती सरकारकडे राहिले. दिल्लीच्या विधिमंडळांत सर्व प्रांतांचे प्रतिनिधि बसत. लष्करी खर्चास मात्र त्यांच्या संमतीची गरज नव्हती. १९२३ सालीं सर बॅसिल ब्लॅकेट यांनीं मिठावरील कर मणामागें सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचें सुचविलें. मंडळानें तें फेटाळलें. लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारानें तोच दर लागू केला. केवळ मतमोजणी वाचणारा संशोधक कर वाढलाच नाहीं असें लिहून बसेल. उलटपक्षीं, १९२४ सालीं दर पुन्हा सव्वा रुपयावर आला, हें पाहतां मंडळास निष्प्रभ म्हणणेंही रास्त नव्हे. त्याच्या शब्दास वजन होतें, पण शेवटचा शब्द त्याचा नव्हता.

नागपुरासही हाच प्रकार. जमीनमहसूल हें तेथें राखीव खातें होतें. मार्च १९२४ मध्यें स्वराज्य पक्षाच्या बहुमतानें मंत्र्यांचा पगार सालीना दोन रुपयांवर आणला. परिणाम इतकाच, कीं गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं सोंपीव खातींही आपल्या हातीं घेतलीं. महसुलाची वसुली थांबली नाहीं.

हा केवळ परकी अमलाचा दोष समजूं नये. युरोपीय संघाची संसद १९७९ पासून लोकनियुक्त आहे. तरी करांच्या एकीकरणाविषयीं तिचा सल्ला घेतला जातो, निर्णय मात्र सभासद-राष्ट्रांचे मंत्री एकमतानें करितात. अनेक प्रांतांवरील वा राष्ट्रांवरील सभेचीं इतिवृत्तें वाचतांना म्हणूनच प्रथम पुसावें : पैशाची किल्ली कोणाच्या कमरेला होती ?

तें ज्यांतून कळेल तीं साधनें निराळीं आहेत : वाजिब-उल-अर्ज, जमाबंदी, खसरे, मालगुजारांचे हिशेब आणि मीठ-धान्याच्या व्यापाऱ्यांच्या वह्या. १९२३ सालच्या वहींत मिठाच्या भावाची एक ओळ सांपडली, तर दिल्लीच्या ठरावाचें खरें मोल तीच सांगेल. मालगुजारी १९५१ सालीं संपली. त्यानंतर या दप्तरांस धनी उरला नाहीं. आमचे संग्राहक भोसलेकालीन मोडी चिटोराही जपतात, तें योग्यच. परंतु हे कागद ‘नवे’ म्हणून टाकून देतात, हें योग्य नव्हे. छापील ठराव कोठेंही पुन्हा मिळेल; वाळवीनें खाल्लेली वही मिळणार नाहीं.