कॅमेऱ्याला धीर हवा

मराठी दूरचित्रवाणीवर आज गाणं भरपूर आहे, नाच भरपूर आहे, रंगभूमीवरचे नटही रोज दिसतात. कलेविषयी काही सांगणारा कार्यक्रम मात्र शोधावा लागतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा चित्र कृष्णधवल होतं आणि साधनं तुटपुंजी. तरीही 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये साहित्यिक-कलावंत निवांत बोलत, 'गजरा'त नाटकातली मंडळी छोटे प्रवेश रंगवत. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मागे सुहासिनी मुळगांवकर होत्या. त्या स्वतः संस्कृतच्या जाणकार आणि नाट्यसंगीत गाणाऱ्या. समोरच्याला काय विचारायचं आणि कुठे त्याला बोलू द्यायचं, हे अशा माणसाला सांगावं लागत नाही. १९९९ मध्ये आलेल्या अल्फा मराठीनेही 'नक्षत्रांचे देणे'मध्ये एकेका कवी-संगीतकाराच्या कामासाठी अख्खी मैफल दिली. त्या कार्यक्रमांत निर्मात्याची जाण पडद्यावर उतरत होती.

पुढे स्पर्धा आल्या. त्यांचं श्रेय नाकारणं अन्यायाचं होईल. २००८-०९ च्या 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'ने नाट्यगीत, अभंग, गवळण पुन्हा घराघरांत नेली. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा वारकरी परंपरेतल्या गळ्याला अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. पण स्पर्धेची चौकट कलेला जाचते. तान ऐन रंगात आलेली असते आणि कॅमेरा परीक्षकांच्या चेहऱ्याकडे वळतो. तबलजीची बोटं दिसत नाहीत, परीक्षकांचे डोळे पाणावलेले दिसतात. गाणं कसं घडलं हे कळण्याआधीच त्याला किती गुण मिळाले ते कळतं.

प्रत्येक कला पाहण्याचं एक अंतर असतं आणि तिला लागणारा एक वेळ असतो. ते ओळखलं की कलेचा कार्यक्रम होतो, नाहीतर नुसतं चित्रीकरण होतं. बैठकीची लावणी घ्या. यमुनाबाई वाईकरांसारखी कलावती बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा गाते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलते. कधी लटका राग, कधी आर्जव, कधी नुसती नजर. भुवईच्या हालचालीवर चालणाऱ्या या अदेला कॅमेऱ्याइतका जवळचा प्रेक्षक दुसरा नाही. पण वाहिन्यांवर लावणी येते ती दोन-तीन मिनिटांच्या ठेक्यात. दर दोन सेकंदांनी दृश्य बदलतं आणि अदा कापली जाते.

'घाशीराम कोतवाल' या नाटकाचं नेमकं उलटं. १९७२ च्या त्या प्रयोगात रांगेत उभी राहिलेली माणसं हाच पडदा होता. ती माणसांची भिंत दिसायला कॅमेरा मागेच सरला पाहिजे. एकेका चेहऱ्यावर गेलात, की नाटक हातचं गेलं. तळकोकणातला दशावतार रात्रभर चालतो, त्यातले बरेच संवाद जागच्या जागी सुचतात. त्याला वेळ देणं एवढंच पुरेसं आहे. आज नाटकवाले वाहिनीवर येतात ते मुख्यतः विनोदी कार्यक्रमांत, नव्या नाटकाची जाहिरात करायला. बुकिंगला त्याचा उपयोग होत असेल. पण तालीम, नेपथ्य, प्रकाशयोजना यांबद्दल प्रेक्षकाला काय कळतं?

सर्वांत मोठी उपेक्षा आदिवासी चित्रकलेची. वारली आकृत्या सेटच्या भिंतींवर, साड्यांच्या काठांवर सगळीकडे दिसतात. पण लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात, मधोमध पालघाट देवी असते, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चालू असतात, हे किती प्रेक्षकांनी पाहिलं असेल? पुरुषांपैकी जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं विधीबाहेर आणली, कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत, हात आणि गाणं एकत्र दाखवण्याची सोय छापील पुस्तकात नाही, दूरचित्रवाणीत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एकेक चित्र समोर धरून कथेकरी रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगतो. पडद्यासाठी याहून तयार कला कोणती? २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बातम्यांत पिंगुळी झळकली. खरी गरज होती ती एका अख्ख्या कथेच्या प्रक्षेपणाची.

प्रेक्षकांना हे नको असतं, असं वाहिन्या सांगतात. पण आळंदीच्या मुलीची गवळण ज्यांनी कान देऊन ऐकली, ते हेच प्रेक्षक. सह्याद्री आणि २००२ मध्ये सुरू झालेली डीडी भारती या सरकारी वाहिन्यांवर तर ही जबाबदारीच आहे. खासगी वाहिन्यांनीही आठवड्याचा अर्धा तास द्यावा. त्यात एक लावणी, एक प्रवेश, एक चौक न कापता दाखवावा आणि निर्मितीची सूत्रं त्या कलेच्या जाणकाराकडे द्यावीत. जुन्या ध्वनिचित्रफिती कलावंत, तारीख आणि साथीदारांच्या नावांसह सूचीबद्ध करून अभ्यासकांना खुल्या कराव्यात. बक्षिसाचा धनादेश आणि झगमगता सेट यांच्यापुढे हा खर्च फारच थोडा आहे. अडचण पैशाची नाहीच. कला समजून घेणाऱ्या माणसाला वाहिनीत निर्णय घेण्याची जागा मिळते की नाही, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ती जागा मागण्याचा हक्क प्रेक्षकांनी सोडता कामा नये.