‘दूध पुरत नाही’ : एका वाक्याचा माग

१९९५ साली, माझ्या पहिल्या बाळंतपणात, दुसऱ्याच दिवशी एकच वाक्य मी तिघांकडून ऐकलं : ‘दूध पुरत नाहीये.’ आधी सासूबाई म्हणाल्या, मग आयाबाई, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी डब्याचं नाव कागदावर लिहून दिलं. त्या वाक्याचा माग मी पुढे कित्येक वर्षं काढत राहिले. मी डॉक्टर नाही, समाजशास्त्रज्ञ नाही. जुन्या मासिकांतल्या जाहिराती, कायद्याची कलमं आणि बायकांचं बोलणं एवढीच माझी साधनं.

या विषयावरच्या लेखनात खलनायक बहुधा एकच असतो : दूधभुकटीची कंपनी. आरोप खोटा नाही. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबसमोर डॉ. सिसिली विल्यम्स यांनी डबाबंद दुधाच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचाराला खुनाच्या पंक्तीत बसवलं होतं. १९७७मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीवरची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मताने संमत केली; विरोधी मत अमेरिकेचं. भारताने १९९२मध्ये कायदाच केला आणि २००३मध्ये तो कडक केला. जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा नाही.

मग कायदा झाल्यानंतरच्या माझ्या बाळंतपणात डबा आला कुठून?

माझं उत्तर असं की, ते वाक्य कंपनीच्या आधीपासून आपल्या घरात होतं. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वेलची घालून कौतुकाने खातो. बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायला सांगतो. सुश्रुतसंहितेतही दूध तीन-चार दिवसांनी उतरतं असं मानून आधी मध-तूप सांगितलं आहे. म्हणजे पहिले दिवस रिकामे, हे ठरलेलंच. त्या रिकाम्या जागी आधी मध होता, साखरेचं पाणी होतं. पुढे डबा येऊन बसला.

आणि ही शंका स्वतःला खरी करून घेते. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. वरचं दूध पाजलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध आटतं, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे म्हणतात, ‘बघ, आम्ही म्हणत नव्हतो?’

त्यात भर पडली गुटगुटीतपणाच्या हौसेची. आमच्या लहानपणी गोबऱ्या बाळाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणत. सुदृढ बालक स्पर्धेत बाळ तराजूत बसे, पण जोखली जाई आई. कंपनीने ही भीती निर्माण केली नाही. तिची किंमत ओळखली.

दवाखान्यात आलं म्हणून हे सुटत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झालेल्या दिसतात. पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं मात्र ४१.८ टक्केच.

म्हणूनच ऑगस्टमधल्या स्तनपान सप्ताहाची भित्तिपत्रकं मला खटकतात. ‘आईचं दूध अमृत’ हे सांगणं सोपं आहे, पण ते आईलाच सांगितलं जातं. २०१७च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची रजा दिली. ती ऊसतोड करणाऱ्या किंवा चार घरची भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही. तिला अमृताचं महत्त्व ठाऊक असतं, फक्त बाळ दिवसभर दुसऱ्याच्या कडेवर असतं.

काही जणींना डबा खरोखर लागतो. त्यांना अपराधी ठरवण्याचं कारण नाही. पण आधी तपासावं तरी. गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणात, दहाव्या दिवशी, कुणीतरी ते वाक्य उच्चारलंच. मी दोरीवरची दुपटी मोजली. बाळ दिवसाला सहाहून अधिक वेळा ओलं करत होतं, वजनही चढत होतं. ‘पुरतंय,’ मी म्हटलं, आणि तिच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं.