साथीदाराचे संकलन

निवडक वाङ्मयाच्या खंडांची चिकित्सा या नियतकालिकाच्या वाचकांस नवी नाही. कोणती कविता घेतली, कोणती वगळली, रचनेत काळाचा क्रम पाळला की विषयाचा, यावरून आपण संपादकाची दृष्टी ओळखतो व प्रसंगी त्याच्याशी भांडतोही. हीच कसोटी ध्वनिमुद्रित संगीताच्या संकलनास लावून पाहावी असे मला वाटले, त्याचे निमित्त मात्र अनपेक्षित होते. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी परदेशातून सुटीवर आला असता हर्बी हॅनकॉक या अमेरिकन जाझ पियानोवादकाच्या वादनाचा चार तबकड्यांचा संच माझ्यापाशी ठेवून गेला. "सर, तुम्ही पेटीचे वेडे. हेही ऐकून पाहा," एवढेच तो म्हणाला. कंग्राळीसारख्या गावात हे संगीत ऐकणारा मी एकटाच असेन. जाझ या प्रकारात माझी गती नाही, हे आधीच कबूल करतो. एक ठरलेली चाल आणि तिच्या खालून वाहणारा स्वरसमूहांचा क्रम, या दोहोंच्या आधारे वादकांनी आयत्या वेळी केलेला विस्तार, एवढी व्याख्या हाताशी धरून मी ऐकावयास बसलो. ख्यालाच्या श्रोत्याला ती पुरेशी होते.

हॅनकॉक यांचा जन्म १९४० चा, शिकागोचा. अकराव्या वर्षी त्यांनी तेथील नामांकित वाद्यवृंदाबरोबर मोझार्टची रचना वाजविली. १९६३ साली ते माइल्स डेव्हिस या तुतारीवादकाच्या संघात दाखल झाले आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिले. १९७३ च्या 'हेड हंटर्स'मध्ये त्यांनी विजेवर चालणारी वाद्ये जवळ करून नाचऱ्या ठेक्याचे संगीत केले आणि १९८३ च्या 'रॉकिट'ने तर ते तरुणांच्या नृत्यगृहांत जाऊन पोहोचले. एवढ्या वेगवेगळ्या वाटांनी हिंडलेल्या कलावंताचा निवडक संग्रह करणे सोपे नव्हे. कोलंबिया कंपनीने २००२ साली काढलेल्या या संचाने त्यावर जो तोडगा काढला आहे, तो मला पटला नाही. पहिल्या दोन तबकड्यांत साध्या पियानोचे वादन आणि उरलेल्या दोहोंत विजेच्या वाद्यांचे, अशी सरळ वाटणी संपादकांनी केली आहे. ऐकण्यास ती सोयीची आहे खरी. परंतु सोय ही काही दृष्टी नव्हे. एखाद्या कवीच्या निवडक संग्रहात छंदोबद्ध कविता एका बाजूस व मुक्तछंद दुसऱ्या बाजूस घालावा, तसे हे झाले. आश्चर्य हे की, स्वतः हॅनकॉक यांनी १९७६ साली न्यूयॉर्कच्या एका मैफलीत आपले तीन काळ, तीन निरनिराळ्या संघांसह, एकाच संध्याकाळी एकाच रंगमंचावर मांडले होते. कलावंताने जे एकत्र आणले, ते संकलनाने पुन्हा फोडले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे, आणि तिचा दोष संपादकांकडे नसून व्यवहाराकडे जातो. हॅनकॉक यांच्या तरुणपणीच्या स्वतःच्या तबकड्या ब्लू नोट या दुसऱ्या कंपनीच्या. त्यामुळे १९६२ चे 'वॉटरमेलन मॅन' हे त्यांचे गाजलेले गीत आणि १९७३ मध्ये त्यांनीच त्याला दिलेले अगदी निराळे रूप शेजारी शेजारी ठेवून ऐकावयाचे, तर एका कंपनीचा संच पुरत नाही. माझ्या मते, या वादकाच्या प्रतिभेचा सर्वांत सूक्ष्म भाग म्हणजे त्यांनी डेव्हिस यांच्या संघात केलेली साथ. पण ती हवी असेल तर डेव्हिस यांच्या नावाच्या संचाकडेच वळावे लागते. हॅनकॉक यांनी आपल्या आत्मकथनात सांगितलेली एक आठवण येथे बोलकी आहे. भर मैफलीत त्यांच्या हातून एक स्वरसमूह साफ चुकला. डेव्हिस क्षणभर थांबले, आणि पुढे त्यांनी असे काही स्वर घेतले की, चूक चूक राहिली नाही. येथे मुख्य वादकाने साथीदाराला सावरले. एरवी दर रात्री हे काम उलट दिशेने चाललेले असते, पण त्याच्या आठवणी कोणी सांगत नाही.

संच संपला तेव्हा माझ्या मनात नाव आले ते बेळगावच्या पं. रामभाऊ विजापुरे यांचे. त्यांचा जन्म १९१७ सालचा, कागवाडचा. १९३८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय काढले आणि २०१० च्या नोव्हेंबरात, त्र्याण्णवाव्या वर्षी देह ठेवीपर्यंत ते या शहराचे 'विजापुरे मास्तर' होते. बेळगावची जागाच अशी की, कोल्हापूर-मिरजेकडून धारवाड-हुबळीस जाणारे आणि तिकडून इकडे येणारे गाणे वाटेत येथे मुक्काम करी. रामकृष्णबुवा वझे यांचे येथे वास्तव्य होते. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी येथून हाकेच्या अंतरावर. बुवांच्या पिढीपासून मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार आणि त्यांच्यामागून आलेले गायक, अशा कित्येक पिढ्यांच्या शेजारी मास्तर पेटी घेऊन बसले. गाणाऱ्याची मातृभाषा कन्नड की मराठी, हा प्रश्न पेटीला कधी पडला नाही. उतारवयातील त्यांचे वादन ज्यांनी ऐकले त्यांत प्रस्तुत लेखकही एक आहे.

आता अशा वादकाचा 'निवडक' संच काढावयाचा झाला तर त्यात काय घालावे? चटकन सुचणारे उत्तर म्हणजे स्वतंत्र पेटीवादन. ते मास्तर करीतही आणि उत्तम करीत. परंतु हे उत्तर मला अपुरे वाटते. स्वतंत्र वादनात वादकाचा हात दिसतो, कान दिसत नाही. आणि साथीदाराची सारी विद्या कानात असते. गायकाची तान नक्की कोठे वळणार हे ठाऊक नसताना अर्ध्या क्षणाच्या अंतराने तिच्या मागून जाणे, तो श्वास घेत असता स्वर खाली पडू न देणे, त्याने एखादी जागा अर्धवट सोडली तर ती पुरी करण्याचा मोह आवरणे, आणि त्याचा आवाज बसलेला असेल त्या दिवशी आपल्या भात्याचा जोर किंचित वाढवून ते कोणाच्या ध्यानात येऊ न देणे, या गोष्टी एकट्याने वाजवून दाखविता येत नाहीत. मल्लिनाथाची टीका कालिदासाच्या श्लोकाविना छापली तर ती कोण वाचील? आपण मात्र श्लोक तेवढे छापतो आणि ज्याच्या आधारे ते आपल्याला समजले त्याचे नाव सोडून देतो.

शिक्षकबंधूंसाठी येथे थोडा तपशील देतो, कारण पेटी वाजविणे म्हणजे पट्ट्या दाबणे, असा समज आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांनी दृढ केला आहे. षड्ज पांढरी एकवर धरला तर भूपाचे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. काळी तीन धरली तर पाचही काळ्यांवर जातात. काळी एकमध्ये चार काळ्या व एक पांढरी, आणि काळी चारमध्ये तीन काळ्या व दोन पांढऱ्या. म्हणजे राग तोच, पण बोटांखालचा प्रदेश दर रात्री पालटतो. गंगूबाईंचा आवाज गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषी पट्टीपर्यंत उतरला, तेव्हा त्यांच्या साथीदारांना नवा षड्ज धरून सारी बोटे नव्याने बसवावी लागली असतील. शिवाय या वाद्याला मींड नाही. दोन स्वरांमधली वाट त्याला चालता येत नाही, केवळ सुचविता येते, आणि ती कणस्वराने व भात्याच्या दाबाने सुचवावयाची. पेटीतील स्वरांची वाटणी विलायती पद्धतीची, त्यामुळे आपल्या श्रुतींशी ती सर्वत्र जुळत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण पेटीवर घेतलेल्या आक्षेपांपैकी तो निम्माच. चांगला वादक नडणारा स्वर जाणून त्यावर रेंगाळत नाही, हे उरलेल्या निम्म्याचे उत्तर.

याच आक्षेपाच्या आधारे १९४० साली आकाशवाणीने पेटीस आपल्या केंद्रांची दारे बंद केली. त्या वेळचे नियंत्रक लायोनेल फील्डन आणि पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स हे त्या निर्णयामागे होते आणि रवींद्रनाथांसारख्या थोर कवीनेही पेटीविरुद्ध कौल दिला होता. ही बंदी अंशतः शिथिल झाली ती १९७१ च्या सुमारास. विजापुरे मास्तरांच्या आयुष्याशी ही सने ताडून पाहावीत. बंदी आली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, ती सैल झाली तेव्हा चोपन्न. कोणत्याही वादकाच्या हातात जी तीस वर्षे सर्वांत तेजाची, नेमकी त्या वर्षांची नभोवाणीची मुद्रणे पेटीच्या साथीविना आहेत. तेथे सारंगी आहे, व्हायोलिन आहे. ती वाद्ये थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण संकलन करावयास बसणाऱ्याला या काळापुरते घरगुती बैठकींच्या फितींवर आणि व्यापारी तबकड्यांवरच विसंबावे लागेल, आणि जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक असे, साथीदाराचे बहुधा नसेच.

यावर कोणी कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांचे उदाहरण पुढे करील. टेंबे (१८८१-१९५५) हेही पेटीवादक. भास्करबुवा बखल्यांची साथ त्यांनी केली, पण ते तेथे थांबले नाहीत. १९११ च्या 'मानापमाना'च्या पदांना त्यांनी चाली दिल्या, १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी केली आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका करून त्याला संगीतही दिले. अष्टपैलू हा शब्द आपण सैलपणे वापरतो. टेंब्यांना तो नेमका शोभतो. परंतु त्यांची आठवण टिकली ती पेटीमुळे किती आणि 'माझा संगीत व्यासंग' लिहिणाऱ्या लेखणीमुळे किती, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनीच करावा. साथीच्या पेटीवर बसून राहिलेल्या माणसाला नाट्यपद नाही, बोलपट नाही, ग्रंथ नाही. त्याचे वाङ्मय दुसऱ्याच्या वाङ्मयात विरघळलेले असते. मास्तरांचे शिष्य रवींद्र काटोटी व सुधांशु कुलकर्णी यांच्या हातांत ते आज ऐकू येते. हा वारसा मोलाचा खरा, पण मूळ पाठाची जागा त्याने भरून निघत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. विजापुरे मास्तरांचा संच निघेल तेव्हा तो साथीचा असावा. एकेका गायकाबरोबरचा एकेक तुकडा घ्यावा, तो काळाच्या क्रमाने लावावा आणि शक्य तेथे एकच राग दोन-तीन गायकांच्या मागे वाजलेला निवडावा, म्हणजे गाणारा बदलला की पेटी कशी बदलते हे कानांना कळेल. मन्सुरांच्या मागे ती कोठे थांबते आणि कुमारांच्या अचानक सोडलेल्या सुरापाशी काय करते, हे श्रोत्याला शोधावयास सांगणारी टिपणे सोबत द्यावीत. स्वतंत्र वादन शेवटी घालावे आणि तेही थोडेच. मुद्रणाचे हक्क ज्यांच्याकडे असतील त्या साऱ्यांची संमती मिळविणे जिकिरीचे होईल, हे हॅनकॉक यांच्या संचावरून दिसतेच. तथापि घरोघरच्या फितींचा प्रश्न त्याहून तातडीचा आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बैठकींची मुद्रणे करणारी हौशी मंडळी पुष्कळ होती. त्यांच्या कॅसेटींना आता बुरशी लागत आहे आणि त्या वाजविणारी यंत्रे दुरुस्त करणारा माणूस मिळेनासा झाला आहे.

हे लिहिताना मी माझ्या कपाटातल्या कॅसेटी बाहेर काढल्या. एकंदर सव्वीस निघाल्या. प्रत्येकीच्या कागदावर माझ्याच तरुणपणीच्या अक्षरात गायकाचे नाव, राग आणि तारीख नीट लिहिलेली आहे. सातांवर तबलजीचेही नाव आहे. पेटी कोणाची, ते एकीवरही नाही. गेल्या रविवारपासून त्या एकेक लावून बसतो आहे. आतापर्यंत चारांवरची पेटी ओळखता आली.