देवाचे पाय कोंबडीचे

हट्ट्याच्या आमच्या उर्दू वर्गातल्या एका मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर ‘देव’ काढला. दोन शिंगे, बाहेर आलेले सुळे, पाठीला पंख. त्या वेळी आलेले मराठी शाळेतले एक गुरुजी चित्राखालचे नाव ऐकून दचकले. उर्दू दास्तानीत देव म्हणजे राक्षस, हे त्यांना समजावता समजावता चहा थंड झाला. चित्र बरे होते, फक्त पाय फसले होते. खांबासारखे सरळ, जमिनीवर टेकलेलेच नव्हते. आम्ही तसे म्हणताच ती पटकन म्हणाली, “पण सर, देव पाहिलाय कुणी?”

प्रश्न बिनतोड वाटतो. जे नाहीच ते चुकेल कसे? अद्भुत चित्रांविषयी आपल्याकडे हाच समज आहे, की डोक्यात कल्पना हवी, हात कसाही चालतो. आम्हाला हा समज चुकीचा वाटतो.

आमच्या पिढीने अद्भुत पाहिले ते ‘चांदोबा’त. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम आणि लोंबणारा वेताळ, हे चित्र के. सी. शिवशंकरन यांचे. 2020 साली ते वारले, आणि मासिकही त्याआधीच बंद पडले होते. ते चित्र आज पुन्हा काढून पाहा. भीती वेताळाच्या तोंडात नाही, ती विक्रमाच्या अंगात आहे. खांद्यावर ओझे असलेला माणूस कसा चालतो, तलवारीचा हात तोल कसा सांभाळतो, हे चित्रकाराला ठाऊक आहे. राजा खरा उतरला, म्हणून वेताळ खरा वाटला. शिवशंकरन मद्रासच्या सरकारी कलाशाळेत शिकले होते. माणसे काढण्याची तेथली मेहनत वेताळाच्या कामी आली, असे आम्ही समजतो.

याहून मोठा दाखला आपल्या घरातलाच आहे. अकबराने दास्तान-ए-अमीर हमजाची चित्रे काढवली. हे काम साधारण 1562 ते 1577 अशी पंधरा वर्षे चालले. चित्रे सुमारे 1400, सुती कापडावर, हातभर उंचीहून मोठी, आणि मागच्या बाजूला मजकूर. आज त्यांतली दोनशेही उरलेली नाहीत. देव, अजगर, जादूगार, तिलिस्म, सारे त्यात आहे. पण आम्ही छापील प्रतींत ही चित्रे पाहतो तेव्हा नजर राक्षसाआधी दुसरीकडेच जाते. झाडाचे एकेक पान, विहिरीची फरशी, पळणाऱ्याचा उडालेला अंगरखा. अद्भुत एक भाग, पाहिलेले जग नऊ भाग. मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद हे इराणहून आलेले उस्ताद या कामावर होते, आणि त्यांच्या हाताखाली इथलेच कारागीर.

त्यांतला एक दसवंत. कहाराचा, म्हणजे पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त लिहितो, की हा पोरगा भिंतींवर चित्रे काढायचा, बादशहाची नजर गेली आणि त्याला ख्वाजांच्या स्वाधीन केले. थोड्याच काळात तो साऱ्यांच्या पुढे गेला. मग मन बिघडले आणि 1584 मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. महाभारताच्या फारसी भाषांतराच्या, ‘रज्मनामा’च्या प्रतीत कितीतरी चित्रांचा आराखडा त्याचा, रंग दुसऱ्याचे. आराखड्याला तिथे ‘तरह’ म्हणत. सगळ्यांत जाणत्या हाताला रंग नव्हे, तरह दिली जाई. कोण कुठे उभा राहील, वजन कुठे पडेल, हे ठरवणे म्हणजे उस्तादी. आमच्या विद्यार्थिनीचे पाय तरहमध्येच फसले होते.

खुशनवीसी शिकलेल्यांना हे नवे नाही. अलिफ किती नुक्त्यांचा, हे मोजून शिकवतात. महिनोन्‌महिने एकच हर्फ, तख्ती धुवायची आणि पुन्हा लिहायचे. याला मश्क म्हणतात. मश्क झालेला हात मग मोकळा सुटतो. चित्रकलेला आम्ही ही मश्क का देत नाही?

उत्तर दोन आहेत, दोन्ही अवघड. पहिले, सजीवांची चित्रे काढावीत का हा पालकांचा संकोच. त्याची आम्ही थट्टा करणार नाही. हमजाच्या काही पानांवरचे चेहरेही कुणीतरी खरवडलेले आहेत. लंडनच्या संग्रहालयातली पाने तर 1881 साली श्रीनगरच्या एका दुकानात खिडक्यांना लावलेली सापडली. पण त्याच ‘आईन’मध्ये अकबराचे उलटे मत नोंदले आहे: चित्रकार एकेक अवयव काढत जातो आणि जीव घालता येत नाही हे उमगून त्याला निर्मात्याची आठवण येते. ज्यांना हे पटत नाही त्यांच्या मुलांना आम्ही डोंगर, झाडे, वेलबुट्टी देतो. मश्क तिथेही होते.

दुसरे उत्तर आम्हाला जास्त बोचते. शासनाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. स्मरणचित्र हा त्यातला सर्वांत चांगला विषय, पाहिलेले मनात ठेवून काढायचे. पण मुले एकच ‘आठवडी बाजार’ पाठ करतात. तीच टोपलीवाली, तेच झाड, प्रश्न कोणताही असो. आम्हीही गुणांच्या मोहात तसे करून घेतले आहे, हे कबूल करतो. पैठणच्या जुन्या चित्रकथी चित्रांतले मोठ्या डोळ्यांचे राक्षसही ठरलेल्या साच्याचे आहेत. पण तो साचा कथा सांगणाऱ्याचा होता, पोथी दाखवत तो लोकांपुढे बसायचा. त्याच्या साच्यामागे ऐकणारा होता, आमच्या साच्यामागे गुणपत्रिका.

त्या मुलीला आम्ही म्हणालो, देव कुणी पाहिला नाही हे खरे, पण कोंबडी पाहिली आहेस ना? दुसऱ्या दिवशी तिने एका पानावर कोंबडीचे अकरा पाय काढून आणले. आठ चुकीचे. नखे कशी रुततात ते नवव्यात जमले. देवाचे पाय अजून काढलेले नाहीत. आधी बोकडाची शिंगे पाहायची आहेत, म्हणाली.