पाच वाचक आणि एक पोथी

तरुणपणी काही वर्षे मी एका छापखान्यात मुद्रिते तपासत असे. तेव्हा एक गोष्ट पक्की समजली. ‘या फर्म्यात चुका किती?’ या प्रश्नाचे उत्तर जितके फर्म्यावर अवलंबून, तितकेच तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर! त्या दिवसांची आठवण झाली ती २०२२ साली ‘ईलाइफ’ या वैज्ञानिक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधामुळे. ल्युसी बर्जेरॉन आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. मॅरेथॉनच्या धर्तीवर त्यांनी आपल्या उपक्रमाचे नाव ‘म्यूटेशनॅथॉन’ असे ठेवले आहे. नाव मला रुचले नाही. निबंध मात्र रुचला, आणि एका ठिकाणी खटकलाही.

विषय असा. आईबापांकडून अपत्याकडे आनुवंशिक पोथी जाते, तेव्हा नक्कल होताना एखादे अक्षर आपोआप बदलते. जे आईत नाही, बापात नाही, ते मुलात उमटते. माणसाच्या मुलात असे बदल साधारण साठ-सत्तर, आणि पोथी सहाशे कोटी अक्षरांची!

हे मोजण्याचा खटाटोप जुना आहे. पुढे १९५७ साली भारतात येऊन इथलेच झालेले हॉल्डेन यांनी १९३५ साली हिमोफिलियाच्या रोग्यांवरून एका जनुकाचा वेग तर्काने काढला होता. त्यांना पोथी वाचता येत नव्हती. आज ती वाचता येते. मग वाद उरावा कशाला?

वाद उरतो, आणि तो क्षुल्लकही नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज केव्हा विभक्त झाले हे सांगणारे घड्याळ याच वेगावर चालते. २००० साली दोन्ही जातींची तुलना करून दर पिढीला शंभर कोटी अक्षरांमागे सुमारे २५ बदल धरले गेले. २०१२ साली आइसलँडमध्ये आई, बाप आणि मूल अशी ७८ त्रिकुटे प्रत्यक्ष तपासली, तेव्हा ते १२ भरले. बाकी सारे तसेच धरले, तर वेग निम्मा होताच काळ दुप्पट होतो!

बर्जेरॉन आणि मंडळींनी मोठी मौज केली. लाल तोंडाच्या माकडांचे एकच कुटुंब आणि त्याची एकच सामग्री पाच संशोधक-गटांपुढे ठेवली. उत्तरे आली शंभर कोटींमागे ४.६ पासून ८.५ पर्यंत. कारण यंत्राच्या वाचनातील चुका खऱ्या बदलांहून कितीतरी अधिक असतात. त्या गाळायला प्रत्येकाची चाळण निराळी. शिवाय पोथीचा किती भाग भरवशाने वाचता आला, हा भागाकारातला छेदही ज्याचा त्याचा वेगळा. संशयित जागा प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्या, तेव्हा काही बदल खोटे ठरले, तर काही खरे बदल कोणाकोणाच्या हातून निसटलेले आढळले.

आपले मतभेद असे चव्हाट्यावर मांडायला धैर्य लागते. त्याबद्दल या लेखकांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. पण त्यांचा भर आहे तो सर्वांची रीत एकसारखी करण्यावर. इथे माझे मन अडते. एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले पाच मुद्रितशोधक एकमताने तीच चूक सोडून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकवाक्यता म्हणजे सत्य नव्हे. आपल्या चाळणीतून काय निसटले असेल आणि काय उगाच राहिले असेल, हे प्रत्येकाने आकड्याशेजारी लिहावे. ही मागणी निबंधातही आहे. ती अग्रभागी यायला हवी होती.

कारण पुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. याच माकडांचा वेग २०२० साली एका गटाने ५.८, तर २०२१ साली दुसऱ्याने ७.७ सांगितला. दुसऱ्या अभ्यासातले बाप वयाने मोठे होते, आणि बापाचे वय वाढले की बदल वाढतात, हे खरे. पण फरकातला किती वाटा वयाचा आणि किती चाळणीचा? एका कुटुंबावरून ते ठरणार नाही.

छापखान्यात आम्ही तपासलेल्या प्रत्येक मुद्रितावर आपली सही करत असू. चूक राहिली तर कोणाच्या नजरेतून राहिली, ते कळावे म्हणून. विज्ञानातल्या आकड्याखालीही अशी सही हवी. या निबंधाने ती करायला सुरुवात केली आहे, म्हणूनच तो जरूर वाचावा.