रहस्यभेद, तर्क आणि सहप्रेक्षक

रहस्यप्रधान चित्रपटाचा शेवट आधीच सांगून टाकणे हा रसभंग होय, याविषयी फारसा मतभेद आढळत नाही. आज ज्याला ‘स्पॉइलर’ म्हणतात, त्यासाठी ‘रहस्यभेद’ हा शब्द येथे योजला आहे. चित्रपटकर्त्यांनीही त्याविरुद्ध बंदोबस्त केलेला दिसतो. आंरी-जॉर्ज क्लूझो यांच्या ‘ले दियाबोलिक’ (१९५५) या फ्रेंच चित्रपटाच्या अखेरीस, पाहिलेले मित्रांना सांगू नये, अशी विनंती पडद्यावर येते. ‘सायको’ (१९६०) सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये, असा दंडक आल्फ्रेड हिचकॉक यांनी घालून दिला. परंतु शेजारी बसून, काहीही ठाऊक नसताना, केवळ तर्काने रहस्यापर्यंत पोहोचणाऱ्या मित्रावर या उपायांची मात्रा चालत नाही.

असा तर्क रहस्यभेद ठरतो काय? मराठी क्रियापदांची व्यवस्था या प्रश्नावर काही प्रकाश टाकते. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटात, पत्नी मृत झाली असे मानणाऱ्या पुरुषासमोर एक स्त्री ‘मीच ती पत्नी’ असा दावा घेऊन न्यायालयात उभी राहते. प्रेक्षक म्हणतो, ‘ती खरे बोलत असेल’, ‘बोलत असावी’, ‘बोलत असणार’. पहिल्यात शक्यता आहे, दुसऱ्यात अनुमान, तिसऱ्यात जवळजवळ खात्री. तथापि तिन्ही रूपे वक्ता अजून बाहेरच उभा असल्याची ग्वाही देतात. ‘ती खरे बोलते आहे’ या विधानात मात्र ती ग्वाही उरत नाही. तर्क कितीही अचूक असो, चित्रपट संपेपर्यंत तो तर्कच राहतो. अंदाज बांधणे हे तर रहस्यकथेने प्रेक्षकावर सोपविलेले कामच आहे.

तर्काचे रूपांतर रहस्यभेदात होते ते उत्तरामुळे. ‘पाठलाग’वरून राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट केला. मूळ मराठी चित्रपट पाहिलेला एक प्रेक्षक आणि कथा मुळीच ठाऊक नसलेला त्याचा मित्र हा हिंदी चित्रपट एकत्र पाहत आहेत, अशी कल्पना करावी. मित्राच्या चुकीच्या तर्काला जाणकाराने ‘छे!’ म्हटले आणि पुढच्या तर्कावर तो गप्प राहिला, तर ते मौनच होकार ठरते. ‘पाहा, कळेलच’ हे उत्तरही निर्दोष नाही. त्यातील ‘च’ हे अव्यय कळण्याजोगे काही दडले असल्याचे सुचविते, तर ‘पाहा’ हे आज्ञार्थी रूप बोलणाऱ्याला न जाणणाऱ्यांच्या गटातून वेगळे काढते. ‘पाहू या’ हे रूप दोघांनाही एकाच बाकावर बसविते. म्हणून बऱ्या-वाईट प्रत्येक तर्काला तेच एक उत्तर, त्याच स्वरात देणे, हाच जाणकाराचा खरा संयम होय.

तर्क करणाऱ्यावरही एक बंधन येते. सोबत तिसरा प्रेक्षक असेल, तर त्याच्या मनात न उगवलेली शंका मोठ्याने बोलून त्याच्या वाट्याचे कोडे कोणी सोडवू नये. मध्यंतरापर्यंत, किंबहुना शेवटापर्यंत, अंदाज स्वतःपाशी ठेवल्याने त्याची किंमत कमी होत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, शेवट कळल्याने ज्याची गोडी जाते ती कलाकृतीच कमअस्सल. त्याला आधारही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना सरासरीने अधिक आवडल्या. हिचकॉक यांनीही ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) मुख्य रहस्य शेवटाच्या बरेच आधी, नायकाला कळण्यापूर्वी, प्रेक्षकापुढे उघड केले. परंतु तेथे ते केव्हा उघडावे हे दिग्दर्शकाने ठरविले, आणि त्या क्षणापासून ‘खरे काय?’ या प्रश्नाची जागा ‘नायकाला कळेल तेव्हा काय होईल?’ या प्रश्नाने घेतली. शेजाऱ्याच्या होकाराने पहिला प्रश्न मिटतो. दुसरा निर्माण होईलच असे नाही. शिवाय सरासरीने वाचकांची आवड कळते. एखाद्याने न मागितलेले ज्ञान त्याच्यावर लादण्याचा अधिकार तीतून निघत नाही.

समीक्षकाची स्थिती त्या जाणकार सोबत्याहून वेगळी नाही. ‘या चित्रपटाचा शेवट अनपेक्षित आहे’ एवढे वाक्यही प्रेक्षकाला सावध करते आणि त्याच्या तर्काची दिशा बदलते. ‘पाठलाग’मधील त्या स्त्रीचा दावा खरा की खोटा, हे न सांगताही येथील विवेचन पूर्ण होऊ शकले. जेथे उकल सांगितल्याविना समीक्षा पुढे सरकू शकत नाही, तेथे ती अवश्य सांगावी. मात्र वाचकाला पान मिटण्याची संधी आधी द्यावी.